पडका राजवाडा, नवीन बांधकाम

पडका राजवाडा नव्याने बांधायचा असेल तर परवानगी कुठल्या खिडकीवर मिळते, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. कुठल्याच नाही. शेडची खिडकी आहे, डेकची आहे, पोहण्याच्या तलावाची आहे, कोंबड्या पाळायच्या असतील तर त्याचीही आहे (जास्तीत जास्त चार, कोंबडा नाही). पण दीड हजार वर्षांपूर्वी पडून गेलेली वास्तू येत्या जूनपर्यंत पडून हवी असेल, तर खिडकीमागची बाई आधी आपल्याकडे बघते, मग आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघते आणि "नेक्स्ट" म्हणते.

आम्ही नेपरव्हिलला राहतो असं सांगतो. खरं म्हणजे नेपरव्हिल संपल्यावर आणखी दोन सिग्नल गेले की आमचं गाव लागतं. पण भारतात शिकागो सांगायचं, शिकागोत नेपरव्हिल सांगायचं आणि नेपरव्हिलमध्ये कोणी विचारलं तर विषय बदलायचा, अशी पद्धत आहे. 'आम्ही' म्हणजे नरेंद्रकाका, कांचनकाकू आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा मी, प्रसन्न. मी त्यांचा कोणी लागत नाही. तीन वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी आलो होतो. काकूंच्या आमटीत काहीतरी आहे.

काका स्ट्रक्चरल इंजिनियर. अडतीस वर्षं त्यांनी मिडवेस्टभर बहुमजली पार्किंग बांधली आणि त्यातलं एकही पडलं नाही. हे वाक्य मी पहिल्या भेटीत ऐकलं, भाडेकरारावर सही करताना ऐकलं आणि एकदा मला ताप होता तेव्हा औषधाबरोबर ऐकलं. देवळात गेले की काका आधी खांबाला टिचकी मारतात, मग देवाला नमस्कार करतात. दुसरा गुण म्हणजे वेळ. विमानतळावर ते पाच तास आधी पोचतात. एकदा तर विमानतळावरच्या माणसाने त्यांना आदल्या दिवसाचे प्रवासी समजून सहानुभूती दाखवली होती.

काकू कोल्हापूरच्या. लहानपणी शाळेच्या सहलीत त्यांना टाउन हॉल म्युझियममध्ये नेलं होतं, तिथे त्यांनी वीतभर उंचीची काशाची मूर्ती पाहिली. समुद्राचा देव. रोमन काळातला, कोल्हापुरातच जमिनीत सापडलेला. "कोल्हापुरात समुद्र कुठाय रे?" काकू मला विचारायच्या, जणू मी लपवलाय. "एवढासा देव. समुद्र सोडून इतक्या लांब येऊन काय करत असेल, असं वाटायचं मला." त्या मूर्तीपायी त्यांनी प्राचीन इतिहासात एम.ए. केलं, लग्न करून अमेरिकेला आल्या आणि एका शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं गैरहजर मुलांच्या घरी फोन करायचं काम केलं.

आता राजवाडा. एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर, पाण्याला अगदी खेटून, रोमन काळातला एक पडका राजवाडा आहे. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण त्यात मला अजून स्वर सापडलेला नाही. काकूंकडे त्याचं पुस्तक होतं. छत नाही. खिडक्या आहेत आणि खिडक्यांतून समुद्र आहे. बोट राजवाड्यासमोरच लागते, दिवसातून दोनदा. काकूंना तिथे जायचं होतं. किती वर्षं, तर मुलगी अनया जन्मायच्या आधीपासून. आणि अनया आता सिएटलला स्वतःच्या मुलांवर ओरडते.

पण सुट्टी आली की इंडिया. सासूबाईंचा मोतीबिंदू, पुतण्याची मुंज, पुण्यातल्या फ्लॅटच्या सोसायटीची मीटिंग. चाळीस-पंचेचाळीस वर्षं युरोप म्हणजे विमान बदलायची जागा. काकू खिडकीची सीट मागून घ्यायच्या आणि ढग बघून यायच्या.

या वर्षी मात्र मे महिन्याची तिकिटं काढली होती. इंडियाची नाहीत, खरोखर तिकडची. आणि फेब्रुवारीत पुण्याहून परत आल्यावर काकूंचा पाय सुजला, पायातली गुठळी फुप्फुसात गेली. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. बऱ्या झाल्या. पण डॉक्टर म्हणाले, लांबचा विमानप्रवास आता विसरा.

"बरं," काकू म्हणाल्या. घरी आल्या, तिकिटं कॅन्सल केली आणि ते पुस्तक लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या पेटीत टाकून आल्या. मग भाजी चिरायला घेतली. गवार होती.

दुसऱ्या दिवशी काका लायब्ररीत जाऊन ते पुस्तक परत घेऊन आले आणि काकूंना दिसू नये म्हणून माझ्या गादीखाली ठेवलं. तेव्हापासून मी युरोपवर झोपतो.

"प्रसन्न," काका म्हणाले, "उद्या सकाळी सातला गॅरेजमध्ये ये." मी सातला गेलो. काका साडेपाचपासून वाट बघत होते.

"जूनच्या तिसऱ्या शनिवारी कांचनला पंचाहत्तर पूर्ण होतात. तिला तिकडे नेता येत नाही. म्हणून तिकडचं इकडे आणायचं. मागे पाणी आहेच."

मागे पाणी आहे हे खरं. बिल्डरने पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा आहे, त्याला ब्रोशरमध्ये लेक म्हटलंय. मधोमध एक कारंजं आहे, ते दर मंगळवारी बंद पडतं. काठावर कॅनडाची जाडजूड बदकं असतात. ती कोणालाही घाबरत नाहीत, कारण त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. मला व्हिसाचं आहे, त्यामुळे मी घाबरतो.

गावच्या ऑफिसात काय झालं ते सांगितलंच. गावाने आम्हाला सोसायटीकडे ढकललं. इथे तिला एचओए म्हणतात, स्वभाव तोच. घराच्या दाराचा रंग, गवताची उंची, कचऱ्याचा डबा किती वाजता आत घ्यायचा, सगळं ती ठरवते. समितीच्या प्रमुख ब्रेंडाबाई. संभाषण इंग्रजीत झालं. मी मराठीत देतो, कारण मराठीत आमची बाजू जास्त बरोबर वाटते.

"काम पूर्ण कधी होणार?" ब्रेंडा.

"पूर्ण होणार नाही," काका. "तोच उद्देश आहे."

"अपूर्ण बांधकाम तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही."

"अपूर्ण नाही. पूर्ण पडलेलं आहे."

"पडलेलं बांधकाम चोवीस तासांत हटवावं लागतं."

काकांनी पुस्तकातला फोटो दाखवला. ब्रेंडाबाईंनी तो चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या कॉलनीत आहे? त्यांनी कसं चालवून घेतलं?"

शेवटी आम्ही अर्जात 'वेलींना आधार' असं लिहिलं. तो चालतो. उंची सहा फूट, रंग मंजूर यादीतला. यादीत अकरा रंग होते आणि अकराही खाकी. आम्ही 'डेझर्ट विस्पर' निवडला. रोमन साम्राज्य आणि आमची सोसायटी यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे रंग.

काकूंना काहीच कळू द्यायचं नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर मागे उघडते, ही किरकोळ अडचण होती.

"अहो, मागे काय चाललंय?" तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं.

"तोंडल्याचा मांडव."

"लोखंडी सळया घालून?"

"तोंडली वाढली की वजन होतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे बघितलं. माझ्या पोह्यांवर त्या दिवशी खोबरं पडलं नाही.

दोन आठवड्यांत भिंत उभी राहिली. बारा फूट लांब, सहा फूट उंचीला फक्त वरचे थर बाकी, मध्ये एक कमान. काका रोज ओळंबा लावून बघायचे. मी जरा लांब जाऊन पाहिली.

"काका, ही पडकी वाटत नाही."

"का?"

"पडेलशी वाटत नाही."

काकांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता मिठी मारतात. "नाहीच पडणार! रणगाडा आण." मग त्यांना प्रकल्पाचं नाव आठवलं आणि ते बादलीवर बसले.

"पाडायची तर आधी कशाने पडली ते ठरवायला हवं," थोड्या वेळाने ते म्हणाले. खिशातून पेन्सिल निघाली. "भूकंप? वारा? पाया खचला?"

"काका, काळाने."

"बरोबर. पण काळाचा लोड किती धरायचा?"

माझ्याकडे हातोडा होता. काका स्वतः मारायला तयार होईनात, म्हणाले हात उचलत नाही. तेव्हा नव्या पिढीने पुढाकार घेतला. पहिला घाव भिंतीवर बसला आणि भिंतीने तो परत केला. दुसरा माझ्या अंगठ्यावर बसला. भिंतीला काहीही झालं नाही, हे काकांनी मला गाडीत बसवता बसवता दोनदा तपासलं.

अर्जंट केअर नावाच्या दवाखान्यात फॉर्म होता. 'दुखापतीचं कारण' या रकान्यात मी खरं ते लिहिलं. नर्सने वाचलं आणि माझ्या डोक्यालाही मार लागलाय का, असं काकांना विचारलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या. काका बराच वेळ त्या खुर्च्यांकडे बघत होते.

"अशाच होत्या," ते म्हणाले.

"काय काका?"

"रोमला. चौऱ्याण्णव साली. इंडियाहून येताना विमान बदलायचं होतं, मध्ये अकरा तास. कांचन म्हणाली, चला, बाहेर जाऊन येऊ, तासाभरात शहर आहे. अनया लहान नव्हती, सामान पुढे गेलेलं. सगळं सोयीचं होतं." काकांनी खुर्चीचा नट हाताने घट्ट करून बघितला. "मी म्हटलं, नको, फ्लाइट सुटेल. अकरा तास गेटसमोर बसलो. ती काही बोलली नाही. काचेतून दिसत होतं तेवढं बघत होती. पार्किंग दिसत होतं."

मी अंगठा दुसऱ्या हातात धरून बसलो.

"चांगलं पार्किंग होतं," काका म्हणाले.

त्यानंतर मी अंगठ्याबद्दल तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण आवाज कमी ठेवून.

पाडता येत नाही म्हटल्यावर आम्ही तोडगा काढला. वरचे थर अर्धवटच ठेवायचे, दगड फोडायचे नाहीत, लावायचेच नाहीत. एव्हाना बातमी फुटली होती. आपल्या लोकांत गुप्त गोष्ट म्हणजे जी व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर आहे अशी. अनयाचा फोन आला. "डॅड, आर यू ओके? इज मॉम ओके?" मग जरा थांबून, "इज द बेसमेंट पर्सन ओके?" तीन वर्षांत मला मिळालेली ही सर्वोच्च पदवी.

सल्ले सुरू झाले. पहिल्या आल्या शैलाकाकू. महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्या पाककृती स्पर्धांच्या परीक्षक. त्या म्हणाल्या, "नवीन सिमेंट आहे, जुनं कसं दिसेल? ताक शिंपडा. आठ दिवसांत शेवाळं धरतं." आम्ही दोन गॅलन दह्याचं ताक केलं. काकांनी ते बागेच्या पंपाने भिंतीवर मारलं. मी चव बघितली, मीठ हवं होतं. शेवाळं आलं नाही. शेजारच्या डगचा कुत्रा आला. तो रोज सकाळी सहा ते सात या वेळात प्राचीन वास्तू चाटायचा. आठव्या दिवशी भिंत आधीपेक्षा स्वच्छ झाली होती.

मग शैलाकाकूंचे यजमान प्रतापकाका व्हॅन घेऊन आले. मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी भिंतीला प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "नरेंद्र, राजवाडा म्हटलं की खांब पाहिजेत यार. खांब नसलेला राजवाडा म्हणजे बँक्वेट हॉल."

व्हॅनमध्ये आठ खांब होते. मंडळाच्या गोडाउनमधले, गेल्या गणपतीच्या मखराचे, थर्माकोलचे, सोनेरी. प्रत्येकावर मोर. परत करण्याची तारीख लिहिलेल्या रजिस्टरवर त्यांनी माझी सही घेतली. मोर झाकायचं काम बेसमेंटकडे आलं. मी डेझर्ट विस्परचे तीन हात दिले. मोर गेले. डोळे राहिले. कुठूनही बघा, आठ मोर आपल्याकडे डेझर्टमधून विस्परल्यासारखे बघत होते.

एवढं करून वाढदिवसाच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे देवळात गेलो. राजवाडा मनासारखा मोडका झाला होता. परत आलो तर डग कुंपणाशी उभा, हातात थापी, तोंडभर हसू. डग चाळीस वर्षं गवंडीकाम करून रिटायर झालेला. दोन महिने तो खिडकीतून बघत होता की दोन इंडियन माणसं भिंत बांधतायत आणि त्यांना ती वरपर्यंत नेता येत नाहीये. शेवटी त्याला राहवलं नाही. "सरप्राइझ!" तो म्हणाला. "फिनिश करून टाकली."

भिंत पूर्ण होती. वरचा थर सरळ. कोपरे काटकोनात. कमानीच्या डोक्यावर त्याने हौसेने एक जास्तीचा दगडही बसवला होता.

मी काकांकडे बघितलं. काका भिंतीजवळ गेले, सांध्यावरून बोट फिरवलं, टिचकी मारली. मग वळून डगचा हात दोन्ही हातांत घेतला.

"ब्यूटिफुल जॉइंट्स," ते म्हणाले. आणि ते खरं बोलत होते, हीच खरी शोकांतिका.

आता हातात सहा दिवस होते. काका म्हणाले डगच्या भावना दुखवायच्या नाहीत. मी म्हटलं सम्राटाच्या? ते म्हणाले सम्राट शेजारी राहत नाही. तेव्हा राजवाडा पूर्णावस्थेतच सादर करावा, असा निर्णय झाला. "म्हणजे पडायच्या आधीचा म्हणायचा," मी म्हटलं. काका हसले नाहीत. गादीखालचं पुस्तक मागवून घेतलं, त्या छत नसलेल्या फोटोकडे बघत बसले आणि रात्री परत माझ्याकडे दिलं.

शुक्रवारी दुपारी आभाळ हिरवं झालं. इलिनॉयमध्ये आभाळ हिरवं झालं की चक्रीवादळाचे भोंगे वाजतात आणि सगळ्यांनी बेसमेंटमध्ये जायचं असतं. म्हणजे सगळे माझ्याकडे आले. काकू माझ्या गादीवर बसल्या, इकडेतिकडे सरकल्या, म्हणाल्या, "प्रसन्न, तुझ्या गादीखाली काहीतरी कडक आहे रे." मी म्हटलं, मणका. त्यांनी मान डोलावली.

चाळीस मिनिटं तळघर थरथरत होतं. सव्वातीनच्या सुमारास मागून एक आवाज आला, जड, ओला, कोणीतरी मोठ्याने 'हं' म्हटल्यासारखा. काकांनी तो ओळखला. माणूस आयुष्यभर ज्या आवाजाची भीती बाळगतो तो त्याला लगेच कळतो.

भोंगा थांबल्यावर मी आणि काका बाहेर गेलो. तळं आमच्या अंगणात आलं होतं. आठ खांब पाण्यात तरंगत होते आणि त्यांपैकी तीन खांबांवर बदकं बसली होती. पाण्याने भिंतीच्या पायाखालची माती नेली होती. डावीकडची अर्धी भिंत उभी होती. कमान मधोमध तुटून एक बाजू हवेत लोंबत होती आणि दुसरी बाजू दगडादगडांनी पाण्यात उतरत गेली होती. जे सांधे सुटले ते काकांचे होते. डगची जोडणी शाबूत होती.

"अडतीस वर्षं," काका म्हणाले. "अधिक आठ आठवडे."

मी म्हटलं, "काका, आपल्याला हेच हवं होतं."

"हो," ते म्हणाले. घरात गेले आणि ओळंबा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

शनिवारी सकाळी ब्रेंडाबाईंची ईमेल आली. तळ्यात कचरा तरंगतो आहे, आज सायंकाळी पाहणी, सगळं हटवावं लागेल. काकांनी ती वाचून मला म्हटलं, "उद्या काढून टाकू. कांचनला सांगू तोंडली लागली नाहीत." इतका थकलेला माणूस मी पार्किंगमध्ये गाडी विसरलेल्यांतही पाहिलेला नाही.

दुपारी माणसं आली. पंचाहत्तरी म्हटलं की पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं. कणकेचे दिवे, मोजून, ते मळायचं काम बँडेजवाल्या अंगठ्याने मी केलं. तीन ताटांत मांडून शैलाकाकूंनी दिवाणखान्यात पेटवले. साधारण पन्नासाव्या दिव्याला धोक्याची घंटा झाली. मग वरच्या मजल्यावरची. मग माझी. घरातले पाचही स्मोक अलार्म एका सुरात किंचाळायला लागले आणि प्रतापकाका कानांवर हात ठेवून ओरडले, "बाहेर! बाहेर घ्या! दिवे विझू देऊ नका, अपशकुन होतो!"

बाहेर वारा होता. तीन बायका तीन ताटं घेऊन, मागे तीस माणसं, सगळे आडोसा शोधायला लागले. आमच्या अख्ख्या अंगणात आडोसा एकच होता.

अशा रीतीने कांचनकाकू, जांभळी पैठणी आणि खाली पांढरे स्नीकर्स, त्या उरलेल्या भिंतीच्या आड येऊन उभ्या राहिल्या. त्यांना ओवाळलं. दिव्यांचा उजेड तुटक्या कमानीवर हलत होता. कमानीतून पाणी दिसत होतं, काठ दिसत नव्हता.

ओवाळून झालं तरी काकू हलल्या नाहीत. काकांनी घसा खाकरला. "अगं, ते तोंडल्याचं..."

"अहो," काकू म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून खिडकीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठपर्यंत जाता ते बघायचं होतं." त्यांनी तुटक्या कडेवरून हात फिरवला. "परवापर्यंत चुकलं होतं. फार सरळ होतं. आता बरोबर आहे."

मग त्या तीस माणसांकडे वळल्या आणि शाळेच्या फोनवरचा आवाज लावला. "चला, सगळे इकडे या. मागचे पुढे या. पायाखाली बघा, ओलं आहे. हा समुद्राकडचा दरवाजा."

मला आधी वाटलं त्या गंमत करतायत. पण त्या थांबल्या नाहीत. हा दरवाजा, इथे धक्का, इथून जहाजं भरली जायची. वरच्या मजल्यावर मोठं दालन, त्याच्या खिडक्या पश्चिमेला. छत लाकडाचं होतं, ते आधी गेलं. मग माणसं गेली. भिंती राहिल्या, कारण त्यांना जायला जागा नव्हती. एकही कागद न बघता बोलत होत्या. ते सगळं किती वर्षं आत तयार ठेवलं होतं, मोजायची हिंमत झाली नाही. मुलं आयपॅड ठेवून ऐकत होती.

प्रतापकाकांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "वहिनी, आणि ते मोर?"

"मोर भारतातूनच रोमला जायचे," काकू म्हणाल्या. "आपल्याकडून. मिरी, कापड, मोर. आणि तिकडून इकडे यायचं मद्य, काच. एखादा देवसुद्धा. त्या देवाला परत कोणी नेलं नाही. राहिला तिकडेच, कोल्हापुरात. पण चांगला राहिला."

एवढ्यात ब्रेंडाबाई फाइल घेऊन आल्या. काकू इंग्रजीत म्हणाल्या, उशीर झालाय पण चालेल, पुढे या. ब्रेंडाबाई नकळत पुढे आल्या. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर करून विचारलं, "हे ओरिजिनल आहे?"

"भिंत नाही," काकू म्हणाल्या. "पडलंय ते ओरिजिनल आहे."

ब्रेंडाबाईंनी फाइलीत काहीतरी लिहिलं. पुढे कळलं, आम्हाला तीस दिवसांची मुदत मिळाली होती. कारण म्हणून 'अपूर्ण बांधकाम' असं लिहिलं होतं.

"आणखी काही प्रश्न?" काकूंनी विचारलं.

सगळ्यात मागून काकांनी हात वर केला. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी या विषयावर विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"हे कधी पडलं?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काल," त्या म्हणाल्या. "सव्वातीनला."

दोन-तीन जणांनी मान डोलावली.

मग श्रीखंडाची हाक आली आणि माणसं आत गेली. ब्रेंडाबाईही गेल्या. मी विझलेले दिवे गोळा करत होतो, बदकांच्या आधी. काकू पाण्यातल्या एका पडलेल्या दगडावर बसल्या होत्या. काका शेजारी उभे होते, हात मागे.

"पलीकडे काय असेल हो?" काकूंनी विचारलं.

पलीकडे टायरचं दुकान आहे. काकांना माहीत आहे, तिथले टायर त्यांना पटत नाहीत. "इटली," काका म्हणाले.

उन्हं पाण्यावर आली होती. पावणेसहा झाले असावेत, कारण शिकागोहून येणारी आगगाडी फाटकाशी पोचली आणि तिने भोंगा दिला. लांब, खोल, पाण्यावरून येणारा.

"बोट आली," काकू म्हणाल्या.

काकांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला.

"परतीची ही शेवटची," काकू म्हणाल्या आणि साडी सावरत उठायला लागल्या. "चला. नाहीतर सुटेल."

काकांनी मनगट खाली केलं. मग गुडघे सांभाळत, जमिनीचा अंदाज घेत, ते त्यांच्या शेजारच्या दगडावर बसले. त्याला टिचकी मारली नाही.

"सुटू दे," ते म्हणाले.